जुन्या पुस्तकांचा बाजार आणि दलित वाचक

मराठी ललित गद्यात ग्रंथप्रेमाचे एक जुने दालन आहे. फूटपाथवर एखादे दुर्मीळ पुस्तक अवचित हाती लागते, पहिल्या पानावर कुणा अनोळखी माणसाची सही असते, पानांत वाळलेले फूल सापडते आणि लेखक हळवा होतो. हे लेखन वाचनीय असते, याबद्दल वाद नाही. पण त्यातला आनंद कोणाचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ज्याच्या घरात आजोबांच्या पुस्तकांचे कपाट आहे, त्याला जुने पुस्तक म्हणजे वारशात आणखी एक भर. ज्याच्या घरात पुस्तकच नव्हते त्याला ते काय असते?

दलित वाचकाला आधी 'जुने' ह्या शब्दाचाच हिशेब मिटवावा लागतो. जुने लुगडे, शिळी भाकरी, मेलेले ढोर. गावाने वापरून टाकले तेच आमच्या वाट्याला आले. नगर जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्या एका शब्दात ही सारी देण्याघेण्याची रीत आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस आणि उष्टे सोडा म्हणून सांगितले. मग दुसऱ्याने वापरून टाकलेले पुस्तक मी एवढ्या हौसेने का उचलतो?

ते मी विकत घेतो म्हणून. आता अहिल्यानगर झालेल्या ह्या शहरात रद्दीच्या ढिगापुढे मी तासन्‌तास उकिडवा बसतो. दुकानदार किंमत सांगतो, मी निम्मी सांगतो, तो माझ्या हातातले पुस्तक काढून परत ढिगावर टाकतो, मी उठण्याचे सोंग करतो. शेवटी सौदा पटतो. ह्या घासाघिशीत जे सुख आहे ते आमच्या ग्रंथप्रेमी ललितलेखकांना कळणार नाही. खळ्यावर पदर पसरणाऱ्याला भाव करता येत नसतो.

दुसरे सुख स्पर्शाचे. जुने पुस्तक म्हणजे अनेकांनी शिवलेले पुस्तक. सोवळ्यात वाचलेली पोथी असो की वकिलाच्या घरचा कायद्याचा ग्रंथ असो, माझा अंगठा आता त्याच पानावर आहे आणि माझ्यानंतर तिथे आणखी कुणाचा तरी येईल. विटाळ पाळायचा कुणी आणि कसा? तागडीत तर मनुस्मृती आणि अण्णाभाऊंची 'फकिरा' एकाच दराने जातात. (मनुस्मृती मी एकदा अशीच विकत घेतली. प्रतिपक्षाचा ग्रंथ घरात असावा.)

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले होते, असे चरित्रकार सांगतात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर जगणारा तो विद्यार्थी होता, पोटाला चिमटा घेऊन त्याने ती खरेदी केली. त्यातली बरीच पुस्तके पुढे त्यांना मिळालीच नाहीत. १९१७ साली लंडनहून परततानाही त्यांचे सामान घेऊन येणारी बोट महायुद्धाच्या धामधुमीत पाणतीराने बुडाली. ह्या ग्रंथवेडाला छंद म्हणणे मला पटत नाही, पण ते निव्वळ कर्तव्य होते असेही मी म्हणणार नाही. ज्याला पुस्तकाचा आनंद नाही तो राहण्याच्या घरात पुस्तकांसाठी 'राजगृह' बांधत नाही.

आता समीक्षेचा मुद्दा. दलित साहित्याचा आरंभ कुठून धरावा, हा वाद आपण ग्रंथालयात असलेल्या पुस्तकांवर घालतो. ग्रंथालयात काय ठेवायचे हे कोणी ठरवले? मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदया'ने. १८४२ साली ह्याच नगरात अमेरिकन मिशनने सुरू केलेले हे नियतकालिक. निबंध त्यात छापला गेला म्हणून टिकला. जो मजकूर असा छापला गेला नाही, किंवा छापून चार-आठ पानी पुस्तिकेत राहिला, त्याचे काय? जलशाची गाणी, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, दोन अंकांनंतर बंद पडलेली अनियतकालिके, हा आमच्या वाङ्मयाचा पाया आहे आणि त्याची नोंद कुठल्याही सूचीत धड नाही. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथे'चे अंक मात्र बांधून, नीट जपून ठेवलेले सापडतात. त्याचा मला राग नाही. तेही आपण वाचले पाहिजेत.

म्हणून विद्यापीठातल्या आमच्या संशोधक मित्रांनी महिन्यातून एक दिवस रद्दीवाल्याकडे बसावे, असे माझे सांगणे आहे. जाताना जुने धोतर नेसावे, धूळ फार असते. जाड ग्रंथ तो स्वतःच पुढे करील. गाण्यांच्या पुस्तिका वजनात भरत नाहीत म्हणून तो त्या वेगळ्या पोत्यात कोंबतो आणि ते पोते भेळवाल्याकडे जाते. आधी ते पोते उघडायला सांगावे.