एक गाव, दोन आराखडे आणि नसलेला नगरसेवक

धायरी हे एक गाव असले तरी नगररचनेच्या कागदांवर ती दोन गावे आहेत. १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत ३८ गावे आली आणि त्यांत धायरीचा समावेश होता. पुढे २००१ मध्ये हद्द आकसली, काही गावे पूर्ण तर काही अंशतः बाहेर पडली आणि पालिकेत २३ गावे उरली. धायरीचा एक तुकडा आत राहिला, दुसरा पुन्हा ग्रामपंचायतीकडे गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर हा दुसरा तुकडाही आत आला. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाच्या जमिनीला महापालिकेचा विकास आराखडा लागू होता, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर १९९७ च्या पुणे प्रादेशिक योजनेचे ढोबळ रंग होते. प्रादेशिक योजना शेती कुठे आणि निवासी विभाग कुठे हे सांगते. गल्लीच्या तोंडाशी शाळा हवी की दवाखाना, हे सांगणे तिचे काम नव्हे.

धायरी फाट्यावरून गावात येणाऱ्या रस्त्याची दशा इथल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. तिचे कारण सहसा 'अतिक्रमण' किंवा 'वाढती वाहने' असे दिले जाते. मला वाटते, खरे कारण या दोन नकाशांमधल्या फटीत आहे. उंबऱ्या गणपती चौकाच्या आसपास किंवा बेनकर वस्तीच्या बाजूला फिरले, की आखलेला रस्ता आणि उरलेला रस्ता यांतला फरक पायांना कळतो. दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांनी जमीन विकली गेली, प्रत्येकाने आपल्यापुरती वाट सोडली, आणि त्या वाटांची बेरीज म्हणजे आजचे रस्ते.

या लेखाचा विषय मात्र रस्ता नाही. नगररचनेचा कायदा सुधारण्याची चर्चा गेली तीसेक वर्षे चालू आहे. त्या चर्चेत नगरसेवक नावाच्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न नेहमी चोरपावलांनी येतो आणि त्याला मिळणारे उत्तर मला पटत नाही.

आधी कायदा वाचू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. कलम २३ खाली पालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती येतात. कलम २८ खाली नियोजन समिती त्या ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल मुख्य सभेपुढे येतो, कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली शासन तो मंजूर करते, हवे ते बदल करून. मुदत चुकली तर शासन आपला अधिकारी नेमून काम हाती घेते. ही रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. नगरसेवकाला आराखड्यात बोलायची जागा आहे, पण शेवटचा शब्द त्याचा कधीच नव्हता. शेवटचा शब्द मंत्रालयाचा. वर कलम ३७ मध्ये एक पोटकलम घालून शासनाने स्वतःहून आराखड्यात फेरबदल करण्याचीही सोय करून घेतली आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. कोणत्याही महापालिकेच्या सभागृहाला त्यावर मतदान करावे लागले नाही.

आता याच्या शेजारी ७४ वी घटनादुरुस्ती ठेवा. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवण्याजोगे अठरा विषय आहेत आणि त्यांतला पहिलाच 'नगररचनेसह नागरी नियोजन' हा आहे. घटनेने जे पहिल्या क्रमांकावर लिहिले, ते राज्याच्या कायद्यात सर्वांत कमी उतरले. १९६६ चा कायदा या दुरुस्तीनंतर मुळापासून पुन्हा लिहिला गेला नाही, त्याला ठिगळे लागली. आणि बहुतेक ठिगळांची दिशा एकच आहे. ती म्हणजे मुदत, मुदत चुकल्यास शासनाचा ताबा, आणि शासनाला थेट बदल करण्याची मुभा.

या दिशेचे समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही, हे मान्य करायला हवे. पुण्याच्या सभागृहाने त्यांच्या हाती भरपूर पुरावा दिला आहे. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ च्या आराखड्याचेच पाहा. २०१३ मध्ये प्रारूप सभागृहातून बाहेर पडले तेव्हा मूळ आराखड्यापेक्षा उपसूचनांचीच चर्चा अधिक झाली. हरकतींचा आकडा ८० हजारांच्या वर गेला. नियोजन समितीतल्या सभासदांचे आणि जाणकारांचे एकमत झाले नाही. मुख्य सभा निर्णयापर्यंत पोचेना, तेव्हा मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली, आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर केला. २००७ ला सुरू व्हायचा आराखडा दहा वर्षांनी आला, म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य जन्माआधीच संपले होते.

उपसूचना हा शब्द इथे थांबून पाहण्यासारखा आहे. विषयपत्रिकेवरच्या ठरावाला सभासदाने सुचवलेली दुरुस्ती, इतका साधा त्याचा अर्थ. पण पुण्याच्या राजकारणात तो शब्द उच्चारला की ऐकणारा हसतो. रात्री उशिरा चाललेली सभा, वाचून न दाखवलेला कागद, 'उपसूचनेसह मान्य' एवढेच इतिवृत्त, आणि काही दिवसांनी कळते की अमुक सर्व्हे नंबरवरचे मैदान हलले. नगरसेवकाला आराखड्यात मिळालेले हे एकमेव धारदार हत्यार होते, आणि ते ज्या रीतीने वापरले गेले, त्यामुळे ते काढून घेतले तर नागरिकाला वाईट वाटेनासे झाले.

जून २०२० चा प्रसंगही विसरता येत नाही. टाळेबंदीच्या दिवसांत स्थायी समितीने शहरातले ३२३ रस्ते सहा मीटरचे नऊ मीटर करण्याला मंजुरी दिली. कायदेशीर वाट होती महापालिका अधिनियमाच्या कलम २१० ची, रस्त्याची रेषा आखण्याची. रस्ता नऊ मीटरचा झाला की त्यावरच्या इमारतीला टीडीआर वापरता येतो, हे ज्यांना कळायला हवे त्यांना लगेच कळले. विकास आराखड्याला हात न लावता शहराची घनता बदलण्याचा हा मार्ग होता. हेच ३२३ का, यावर जी चर्चा सभागृहात आधी व्हायला हवी होती, ती नंतर वर्तमानपत्रांत झाली.

इतके सारे मान्य करूनही नगरसेवकाला वगळण्याचा मार्ग मला चुकीचा वाटतो. आणि या वेळी तसे म्हणायला अंदाजाची गरज नाही, कारण प्रयोग करून झाला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. घटना सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी. ती झाली नाही. तेव्हापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. उपसूचना नाही, तहकुबी नाही, गोंधळ नाही. सुधारकांना हवे होते तसे स्वच्छ मैदान. मग अकरा गावांचा आराखडा झपाट्याने व्हायला हवा होता. २०१८ मध्ये त्याचा इरादा जाहीर झाला. धायरी पालिकेत आल्याला आठ वर्षे झाली, इमारती बारा-बारा मजल्यांच्या झाल्या, मंजूर आराखडा काही हाती आलेला नाही. २०२१ च्या जूनअखेर आणखी २३ गावे आली. त्यांचा आराखडा शासनाने महापालिकेकडून काढून पीएमआरडीएकडे दिला. त्या संस्थेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेले प्रारूप न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकले आणि २०२५ मध्ये शासनानेच ते रद्द केले. त्या प्रारूपाला आडवे आलेले महापालिकेचे सभागृह नव्हते. विलंबाचे कारण नगरसेवक, हे सूत्र इथे टिकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि आजूबाजूला, गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. पाणी कुठून येते, त्यावर प्रक्रिया होते का, सांडपाणी कुठे जाते, हे प्रश्न त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर विचारले गेले. हे प्रश्न आराखड्याचे आहेत. जलशुद्धीकरण केंद्राला जागा लागते, टाकीला जागा लागते, मलवाहिनीला रस्ता लागतो. ज्या गावात जागा राखून ठेवणारा नकाशा नाही, तिथे या गोष्टी नंतर कितीही निधी आला तरी बसवायच्या कुठे? त्या दिवसांत आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला विचारले, "भाऊ, आता आपला नगरसेवक कोण?" खरे उत्तर 'कोणीच नाही' हे होते, आणि ते त्यांना खरे वाटेना.

अर्थात असतानाही तो कितीसा होता? २०१७ मध्ये आलेल्या अकरा गावांसाठी २०१९ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि दोन जागा मिळाल्या. लोहगाव विमानतळाच्या पलीकडे आणि धायरी सिंहगडाच्या वाटेवर. शहराच्या दोन टोकांचा मिळून एक प्रभाग. त्या दोघांनी कोणाकोणाकडे पोचायचे? जुन्या धायरीचा तुकडा वेगळ्या, चार सभासदांच्या प्रभागात. आपल्याकडे प्रभागाची रचना दर निवडणुकीला बदलते. पुण्यात २००२ साली तीन सभासदांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. आराखडा वीस वर्षांचा असतो आणि त्याची राखण करणाऱ्याचा प्रभागच पाच वर्षे जुना राहत नाही. चौघांच्या प्रभागात नामफलकावर चार नावे येतात. आरक्षण हलले की त्याखाली नाव कोणाचेच नसते.

इथे 'स' यादीचा उल्लेख अपरिहार्य आहे. अंदाजपत्रकातली ही यादी म्हणजे सभासदांनी सुचवलेली प्रभागातली कामे. बाके, पेव्हिंग ब्लॉक, कमानी, दिशादर्शक फलक. नगरसेवकाची सगळी बुद्धी या यादीकडे वळण्याची कारणे सरळ आहेत. बाक एका महिन्यात बसतो आणि त्याच्या पाठीवर नाव लिहिता येते. आराखड्यातल्या शाळेची जागा ताब्यात घ्यायला भूसंपादनाचे पैसे लागतात, दहा वर्षे जातात, श्रेय पुढच्याला मिळते. दुसरीकडे कलम १२७ आहे. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देतो, आणि दोन वर्षांत संपादनाकडे पाऊल पडले नाही तर आरक्षण व्यपगत होते. आरक्षण घालवायला उपसूचनेचीही गरज नाही, नुसते गप्प बसले तरी पुरते. माझ्या मते नगरसेवकांनी आराखड्याचे जे नुकसान केले, त्यातला मोठा भाग असा न बोलता झालेला आहे, आणि त्याची कुठेच नोंद नाही.

परदेशाकडे बघायचे तर २०२५ मध्ये इंग्लंडात याच विषयावर वाद रंगला. तिथे नगरसेवकांची समिती बांधकामाच्या महत्त्वाच्या किंवा वादग्रस्त अर्जांवर उघड बैठकीत निर्णय देते. अर्जात आपला संबंध असेल तर सभासद तो जाहीर करून खोलीबाहेर जातो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या विधेयकात लहान अर्ज अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची तरतूद होती, आणि लोकशाही आकसते म्हणून तिकडे ओरड झाली. आपल्याकडे इमारतीच्या परवानगीत नगरसेवकाला मुळातच स्थान नाही. तिथे जे कमी करायचे चालले होते ते इथे कधी नव्हतेच, हे ध्यानात न घेता 'जगभर अधिकार तज्ज्ञांकडे जात आहेत' असे आपल्या चर्चासत्रांत सांगितले जाते. आणि आपल्या जमिनीचा विषय आला म्हणून सभासद सभागृह सोडून गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. इंग्लंडाकडून घ्यायचेच असेल तर ते खोलीबाहेर जाणे घ्यावे.

मग कायद्यात काय बदलावे? मला मोठ्या फेररचनेत रस नाही. उपसूचना राहू द्या, पण ती सभेच्या आधी ठरावीक दिवस, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, कारण आणि सुचवणाऱ्याच्या नावासह प्रसिद्ध झाल्याशिवाय घेता येऊ नये. शासनाने कलम ३१ किंवा ३७ खाली केलेल्या बदलालाही हाच नियम लागावा, कारण मंत्रालयातली उपसूचना सभागृहातल्या उपसूचनेपेक्षा पवित्र असण्याचे कारण नाही. कलम १२७ खालची प्रत्येक खरेदी सूचना मुख्य सभेपुढे यावी आणि प्रभागातल्या सभासदांनी होय किंवा नाही हे इतिवृत्तात नोंदवावे. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. ती कागदावरच राहिली. प्रारूपावरची पहिली सुनावणी या क्षेत्रसभेत व्हावी. आज हरकतदाराला शहराच्या मध्यभागी बोलावून मोजकी मिनिटे देतात. धायरीची सुनावणी धायरीत, धारेश्वराच्या मंदिराजवळ कुठे मंडप घालून झाली, तर नकाशातली चूक गावातला शेतकरी बोटाने दाखवील. कुठला ओढा बुजवला आहे हे त्याला माहीत असते, उपग्रहाच्या चित्राला नसते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली.  नव्या सभागृहापुढे अकरा गावांचा आराखडा कोणत्या ना कोणत्या रूपात येणारच आहे. दारावर येणाऱ्या उमेदवाराला 'बाक कुठे बसवणार' याऐवजी एवढेच विचारावे, की या गावात तुमच्या आणि तुमच्या भागीदारांच्या नावावर कोणते सर्व्हे नंबर आहेत, आणि त्यांच्यावरून कोणता रस्ता जातो.