डोळे मिटून नदी कळेल का?

‘सजगतेच्या सरावामुळे मुलं पर्यावरणाबाबत जबाबदार होतात.’ पर्यावरण शिक्षणावरच्या प्रस्तावांमध्ये हे वाक्य आता इतक्या सहज येतं, की त्याला पुरावा लागतो हेच आपण विसरतो. मीही विसरले होते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी नववीच्या काही मुलांना भिडे पुलाजवळ मुठेच्या काठावर नेलं. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. आधी श्वासाकडे, मग आवाजांकडे, मग वासाकडे लक्ष द्यायचं. ‘चांगलं-वाईट ठरवू नका, फक्त जाणवू द्या,’ असं मी सांगत होते. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, ‘ताई, वास घाण येतोय, तरी घाण म्हणायचं नाही का?’

मी हसून वेळ मारून नेली. पण माझ्या विषयातली मूळ अडचण तिनं एका वाक्यात सांगितली होती.

माइंडफुलनेस या नावानं आज जे जगभर शिकवलं जातं, त्याचा एक मोठा धागा १९७९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : मुद्दाम लक्ष देणं, वर्तमान क्षणात राहणं आणि निवाडा न करणं. पाठदुखीच्या रुग्णाला याचा उपयोग होतो, कारण ‘हे कधी थांबणार?’ या विचारानं दुखणं आणखी जड होतं. पण सांडपाण्याशी जुळवून घेणं हे काही पर्यावरण शिक्षणाचं उद्दिष्ट नाही. तिथे निवाडा करावाच लागतो. शिवाय आधी नदी कशी होती आणि पुढे काय होईल, हेही पाहावं लागतं. नुसत्या वर्तमान क्षणात प्रदूषण समजत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त जवळचा आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात आणि आनापान ‘मित्र उपक्रमा’तून राज्यातल्या शाळांमध्येही पोचलं. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर पर्यावरण शिक्षण सक्तीचं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पदवीचं पाठ्यपुस्तक लिहिणारे डॉ. एरच भरुचा आपल्या पुण्याचेच. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे शांत बसवायची सोय शाळेत आहे आणि बाहेर न्यायचं कारणही आहे. दोन्ही जोडण्याचा मोह होणारच. जोडायला माझी हरकत नाही. जोडल्यावर काय होतं, याबद्दल जे दावे केले जातात, त्यांना आहे.

पुरावा काय सांगतो? या विषयातले बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. सजगतेचे गुण जास्त असलेल्यांचे पर्यावरणप्रेमाचेही गुण जास्त, एवढंच त्यातून कळतं. रोज पहाटे वेताळ टेकडी चढणारा माणूस शांतही असतो आणि टेकडीसाठी सह्याही करतो. पण शांततेनं सही करवली, असं त्यावरून म्हणता येत नाही. कदाचित टेकडीनंच दोन्ही घडवलं असेल.

प्रत्यक्ष प्रशिक्षण देऊन तपासणी केली, की चित्र बदलतं. सोन्या गायगर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यानाच्या प्रशिक्षणानंतर भौतिक गोष्टींची ओढ कमी झालेली आणि स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं, पण शाश्वत उपभोगाच्या वर्तनावर थेट परिणाम दिसला नाही. ब्रिटनमधली २०२२ ची ‘मिरियड’ चाचणी तर आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झाली. तिचा विषय मानसिक आरोग्य होता, पर्यावरण नव्हे. तिथेही नेहमीच्या शिकवण्यापेक्षा माइंडफुलनेस सरस ठरलं नाही. जे मुख्य उद्दिष्टातच सिद्ध होणं अवघड आहे, ते कचरा वेगळा करण्यापर्यंत पोचेल असं गृहीत कसं धरायचं?

माझी चूकही सांगते. सत्र संपल्या संपल्या मी प्रश्नावली वाटली आणि गुण भरघोस आले. गाईड मॅडमनी विचारलं, ‘हे ध्यानामुळे, की वर्गाबाहेर पडल्यामुळे, की ताईला बरं वाटावं म्हणून?’ माझ्याकडे तुलनागट नव्हता. तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला.

मग सजगता टाकून द्यायची का? नाही. लक्ष देणं हीच निरीक्षणाची पहिली पायरी आहे. पुढच्या वेळी वेताळ टेकडीवर मुलांना वीस मिनिटं गप्प बसवलं, पण डोळे उघडे ठेवून. ‘इथे सगळीकडे हेच झाड का?’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच आला. झाड होतं गिरीपुष्प, मूळचं मध्य अमेरिकेतलं. ते टेकडीवर आपोआप आलेलं नाही, लावलेलं आहे. मुलांचं लक्ष त्या झाडापर्यंत शांततेनं नेलं. पण उत्तरासाठी लागवडीचा इतिहासच उघडावा लागला.

आता माझ्या आराखड्यात तीन गट आहेत : ध्यान आणि क्षेत्रभेट, ध्यानाशिवाय शांत निरीक्षण आणि क्षेत्रभेट, आणि नुसती क्षेत्रभेट. मोजमाप लगेच आणि तीन महिन्यांनी. ‘तुम्हाला निसर्ग आवडतो का?’ असं विचारण्याऐवजी मुलांनी वहीत कोणते प्रश्न लिहिले आणि त्यांचं पुढे काय केलं, हे पाहायचं. तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल, तर निदान एवढं तपासा : तुलना कोणाशी, मोजमाप कशाचं, आणि किती दिवसांनी.

त्या मुलीचं उत्तर राहिलं होतं. उन्हाळ्यात आम्ही पुन्हा मुठेवर गेलो, या वेळी विरघळलेला ऑक्सिजन तपासायचं किट घेऊन. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. रसायनं टाकल्यावर बाटलीत तपकिरी साका बसला, तर ऑक्सिजन आहे. पांढरा राहिला, तर जवळजवळ नाहीच. साका पांढरा राहिला. तिनं बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, ‘मग आता घाण म्हणू ना, ताई?’

‘म्हण,’ मी म्हटलं, ‘आणि कुठून येते तेही शोधू.’