डबा भरून ठेवायचा, वाट बघायची

'ताबी काएरू' हा खेळ फोनवर घेतलात, तर पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल, यात करायचंय काय? एका छोट्या घरात एक बेडूक राहतो. वाचतो, लिहितो, जेवतो, पुस्तकावरच पेंगतो. तुम्ही अंगणातली क्लोव्हरची पानं खुडायची, त्या बदल्यात दुकानातून खाणं आणि तंबू-कंदील असलं प्रवासाचं सामान घ्यायचं, त्याचा डबा भरून ठेवायचा आणि फोन बाजूला ठेवायचा. पुन्हा बघाल तेव्हा घर रिकामं. कुठे गेला, कधी येणार, काही कळत नाही. मधेच एखादा फोटो येतो, परतताना तिथली खासियत आणतो. बास, एवढंच.

हिट-पॉइंट या जपानी कंपनीने २०१७च्या अखेरीस हा खेळ आणला. त्याआधीचा, २०१४चा त्यांचा 'नेको आत्सुमे' तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. तिथे अंगणात खाऊ आणि खेळणी मांडायची, आणि मांजरं यायची ती आपलं लक्ष नसताना!

या खेळांना सरसकट 'रिलॅक्सिंग' म्हणतात. ते कशामुळे, हे समजायला १९९६चं तामागोची आठवा. अंड्याएवढं यंत्र, तीन बटणं, आणि भूक लागली की पीं-पीं. दुर्लक्ष केलंत की ते मरायचं. (अमेरिकेतल्या आवृत्तीत मेल्यावर पंख फुटून देवदूत व्हायचं. तेवढीच पोरांची समजूत.) तिथे माया म्हणजे कर्जाचा हप्ता होता, चुकला की दंड. बेडकाचा डबा भरायला विसरलात तरी तो मरत नाही, रुसत नाही. पण म्हणून काळजी संपते का? माझा अनुभव उलटा आहे. दिवसातून चारदा उघडून बघितलं जातंच. खेळाने काढून घेतलाय तो अपराधीपणा. काळजी तशीच ठेवली आहे. मला ही करामत फार बारकाईची वाटते.

जानेवारी २०१८मध्ये चीनमध्ये हा खेळ तुफान चालला, तोही सगळा मजकूर जपानीत असताना. तिथले खेळणारे बेडकाला 'मुलगा' म्हणायला लागले आणि स्वतःला त्याची आई. खेळात असं कुठे लिहिलेलं नाही. पण डबा भरणं आणि वाट बघणं एवढी दोनच कामं दिली, की माणूस आपोआप कोण होतो, हे त्यांना बरोबर कळलं.

आता तुम्ही-आम्ही हा खेळ कुठल्या बाजूने खेळतो ते बघा. आपण तर बेडूक! बॅगेत लाडू-चिवडा कोंबून घेऊन निघालेले. त्याचे फोटो नीट पाहा. डोंगर, देऊळ, समुद्र, सोबत कधी एखादं फुलपाखरू किंवा उंदीर. सगळीकडे बेडूक मजेत. त्या फोटोंवरून घरच्याला काय कळावं? इकडच्या पहिल्या वर्षी आपण घरच्या ग्रुपवर टाकलेले फोटोही असेच होते. बर्फ होता, नायगारा होता. बेसमेंटमधली खोली आणि मायक्रोवेव्हसमोर उभ्याने खाल्लेलं जेवण नव्हतं. खोटं कोणी बोललं नाही. फ्रेम तेवढी निवडून घेतली.

इथेच मला खेळाचा एक दोषही दिसतो. जपानीत 'काएरू' म्हणजे बेडूक आणि 'काएरू' म्हणजे परतणंही. नावातच वचन दिलंय, आणि खेळ ते दर वेळी पाळतो. शिवाय वाट बघणाऱ्याचं वय वाढत नाही. गुडघे दुखत नाहीत, मोतीबिंदू होत नाही, पुढच्या खेपेपर्यंत आपण असू का असं त्याच्या मनात येत नाही. निवांतपणाची किंमत या ठिकाणी चुकवली आहे. ती चुकवली नसती तर खेळ दोन दिवस कोणी खेळलं नसतं, हेही खरं.

तरी खेळून बघाच, असं मी म्हणेन, आणि ते एका बारीक गोष्टीसाठी. बेडूक नसताना अंगणात शेजारपाजारचे येतात, कधी गोगलगाय, कधी कासव. त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायचं असतं, आणि बेडकाने प्रवासातून आणलेला खाऊही ठेवता येतो. आपण नेलेली चॉकलेटं तिकडे फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने का पुरतात, आणि आलेल्या प्रत्येकाला त्यातलं एकेकच का मिळतं, ते मला त्या गोगलगायीपुढे बशी सरकवताना समजलं.