जनरल कोल्टित्स याचें आत्मवृत्त व कैदेंतील बोलणें

पॅरिसचा अखेरचा जर्मन सेनापति डीट्रिख फॉन कोल्टित्स ह्यानें १९५१ सालीं 'सोल्डाट उंटर सोल्डाटेन' हें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. हिटलरचा हुकूम मोडून आपण पॅरिस राखलें, हा त्याचा दावा. २५ ऑगस्ट १९४४ रोजीं तो शरण आला व शहर बहुतांशीं शाबूत राहिलें, एवढें निर्विवाद. हेतूविषयीं मात्र मुख्य साक्षीदार तोच.

अशा बखरीस अस्सल कागदाची जोड हवी, आणि ती येथें मिळते. लंडनजवळील ट्रेंट पार्क ह्या वाड्यांत इंग्रजांनीं कैदी सेनापति इतमामानें ठेविले आणि दडविलेल्या ध्वनिग्राहक यंत्रांनीं त्यांचें बोलणें टिपून घेतलें. हीं टिपणें क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत असून त्यांतील निवडक भाग झोंके नाइट्सेल यांनीं २००५ सालीं छापला. शरणागतीनंतर चौथ्याच दिवशीं, २९ ऑगस्टला, कोल्टित्स जनरल थोमाजवळ म्हणतो कीं, आपल्या वांट्यास आलेलें सर्वांत कठीण काम यहुद्यांच्या संहाराचें होतें, व तें आपण पुरतेपणीं तडीस नेलें. आत्मवृत्तांत ही कबुली नाहीं.

टिपणही निर्दोष नव्हे. तें ऐकणाऱ्याच्या कानांतून उतरलें आहे. शिवाय थोमा पडला हिटलरद्वेष्टा, तेव्हां बोलणाराचा सूर पश्चात्तापाचा कीं बढाईचा, हें नुसत्या शब्दांवरून ठरत नाहीं. संहाराचें स्थळ क्रिमिया मानणें हाही तर्कच. तथापि आपणांस कोणी ऐकत आहे ह्याची दाद नसलेल्याचें बोलणें, सात वर्षांनीं वाचकांसाठीं रचलेल्या लेखाहून आम्ही वरचें धरितों.

१९४७ सालीं तो सुटला. त्याच्यावर खटला झाला नाहीं.