लॉकपातल्या माणसाला नाव द्या

माझ्या एका कवितेत 'खाकी' हा शब्द नऊ वेळा आला होता. नऊही वेळा शिवी म्हणून. नायगावच्या बैठकीत वाचली तेव्हा टाळ्या पडल्या. रात्री डिलाईल रोडला खोलीवर आलो तर धाकटी बहीण युनिफॉर्मला इस्त्री करत होती. ती पोलीस शिपाई आहे. तिनं कागद वाचला, परत दिला आणि एवढंच म्हणाली, "दादा, तुझ्या कवितेतल्या खाकीला पोट नाय का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायलाच हा लेख लिहायला घेतला.

मी काही समीक्षक नव्हे. शाळा नववीत सुटली. आजा लालबागच्या गिरणीत होता. आता परळच्या गिरण्यांचे टॉवर झाले, मी भिवंडीला लूमवर जातो. तरी चाळीत आम्हाला अजून गिरणीवालेच म्हणतात. तेव्हा इथं पुस्तकी परिभाषा सापडणार नाही. मी फक्त एक प्रश्न घेऊन निघालोय. पोलिसाची गोष्ट सांगणारा माणूस कुठं उभा राहून सांगतो?

पहिली गोष्ट 'अर्धसत्य'ची. १९८३ चा सिनेमा. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. भाषा हिंदी, पण शहर आपलं आणि लिहिणारे मराठी. ओम पुरीनं केलेला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. बाप शिपाई, आईला मारणारा. पोरगा त्याच्या जबरदस्तीनं खात्यात आलेला. वर रामा शेट्टीसारखा गुंड, त्याला सांभाळणारं राजकारण. वेलणकर आतून कुढत जातो, दारू पितो आणि एका रात्री रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या भुरट्या चोराला लॉकपमध्ये मारतो. चोर मरतो.

सिनेमा ताकदीचा आहे. ते नाकारणारा मी कोण! पण दोस्तांनो, त्या चोराचं नाव आठवतं का तुम्हाला? मी तीनदा पाहिला, मला आठवत नाही. वेलणकरची घुसमट आठवते, दिलीप चित्र्यांची कविता आठवते, रामा शेट्टीचा माज आठवतो. मेलेला माणूस मात्र वेलणकरच्या शोकांतिकेत एक पायरी होऊन राहतो. त्याच्यावर पाय देऊन नायक वर चढतो आणि आपण नायकासाठी हळहळतो. चोराची बायको कुठल्या झोपडीत वाट बघत होती, प्रेत ताब्यात घ्यायला कोण आलं, कुठल्या कागदावर अंगठा घेतला, हे आपल्या मनात उरतच नाही. मारणाऱ्याचं दुःख म्हणजे सत्य, मरणाऱ्याचं दुःख म्हणजे प्रसंग! मग सत्य अर्धं राहणार नाही तर काय?

आता काळ बदलला म्हणतात. खरंच बदललाय. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत बायांसाठी ३० टक्के जागा आल्या. २०२२ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं तृतीयपंथीयांना पोलीस भरतीची वाट मोकळी करायला सरकारला भाग पाडलं. पडद्यावरही बदल दिसतो. २०२३ च्या 'दहाड' या मालिकेत राजस्थानातली सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी दलित आहे. ती शेजारून गेली की ठाण्यातला एकजण उदबत्ती लावतो. बापानं पोरीच्या भल्यासाठी मेघवाल आडनाव टाकून भाटी लावलेलं. शेवटी ती आपलं आडनाव परत घेते.

तो उदबत्तीचा धूर पाहून माझी बहीण हसली नाही. भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं, "पूर्ण नाव काय?" ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. नुसत्या नावानं भागत नाही, पूर्ण लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा 'दहाड'नं वर्दीच्या आतली जात दाखवली, याचं मोल मी मानतो.

पण इथंच मला धोका दिसतो. चेहरा आपला झाला म्हणजे लाठी आपली झाली, असं आपण समजायला लागलोय.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे. आनंद तेलतुंबड्यांनी त्यावरच्या पुस्तकात एक कडू गोष्ट मांडलीय. ज्यांनी हयगय केली, प्रकरण दाबू दिलं, त्यांत पोलिसांपासून डॉक्टरांपर्यंत कितीतरी दलितच होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आपला माणूस खुर्चीवर बसला, पण खुर्चीनं त्याला आपलासा केला.

मग काय, आपली माणसं पोलिसात जाऊच नयेत? असं म्हणणाऱ्यांनी बाबासाहेब वाचावेत. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत जातीची आडकाठी न ठेवता भरतीचा हक्क मागितला. त्या मागणीचा अर्थ नीट समजून घ्या. पोलिसाला घरात शिरावं लागतं, गुन्हेगाराच्या दंडाला हात घालावा लागतो. विटाळ मानणाऱ्या समाजात अस्पृश्याच्या हाती हा अधिकार म्हणजे जातीच्या मुळावर घाव. ती मागणी पोटासाठी होती तशी नागरिक म्हणून बरोबरीची होती. पोलीस ठाण्यात बाई अधिकारी का हवी, हेही असंच मथुरेला विचारा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी पोरीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. आणि १९९२-९३ च्या दंगलीत या शहरातल्या पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी आकस होता, हे श्रीकृष्ण आयोगानं १९९८ च्या अहवालात लिहून ठेवलंय. तेव्हा खात्यात आपण पायजे, बाया पायजेत, मुसलमान पायजेत. याबद्दल वाद नाही.

वाद पुढं आहे. आत गेलेल्यानं काय करायचं आणि बाहेरच्यानं काय लिहायचं?

गेल्या ६ डिसेंबरला मी दादरला चैत्यभूमीच्या रांगेत होतो. बॅरिकेडपाशी हातात काठी घेऊन बहीण उभी. माझ्या पुढं परभणीकडची एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं. ती थकून खाली बसली. बहिणीनं काठी आडवी धरून तिला उठवलं, "आजी, उठा, लाईन थांबवू नका." मग मला म्हणाली, "दादा, तू पण चल पुढं." ओळख दाखवली नाही. माझ्या पोटात काहीतरी तुटलं.

रात्री भांडलो. ती म्हणाली, "वरून आर्डर होती. बारा तास उभी हाय. बाईमाणसाला मुतायला जागा नाय. २०२२ ला आठ तासांची ड्युटी जाहीर केली बायांना, बंदोबस्ताला ती कुठं जाते?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "आजीला बाजूला बसवायला पायजे होतं. मला सुचलंच नाय."

दोस्तांनो, हे 'सुचलंच नाय' फार महत्त्वाचं आहे. वर्दी माणसाचं सुचणं काढून घेते. आपल्या कवितेनं ते पकडलं नाही. आम्ही खाकीचा राक्षस केला, कारण राक्षसावर लिहिणं सोपं. राक्षसाला बहीण नसते.

पण उलट चूकही करू नका. बहिणीच्या पायांची कळ लिहिताना लॉकपातला माणूस विसरलो, तर आपणही आणखी एक 'अर्धसत्य'च लिहू, फक्त वेलणकरच्या जागी कांबळे घालून. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा पोरगा कोठडीत गेला तो परत आला नाही. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असं सांगायला २०२५ चा जुलै आणि हायकोर्ट लागलं. ती म्हातारी त्याच परभणीकडची होती.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. पोलिसाची कुठलीही कथा, कविता, सिनेमा समोर आला की दोन गोष्टी विचारा. वर्दीतल्या माणसाचं पूर्ण नाव त्यात आहे का? आणि लॉकपातल्या माणसाचं?

कविता पुन्हा लिहायला घेतलीय. 'खाकी' आता दोनदाच येते. एकदा बहिणीच्या अंगावर. एकदा दाराच्या आत, जिथं ती ड्युटीवर आहे आणि कुणीतरी मार खातंय. तिथं ती काय करते, ही ओळ अजून जमलेली नाही. ती माझ्या एकट्याच्यानं होणार नाही, तिला विचारूनच लिहावी लागेल.

जय भीम.