घर, तळे आणि शोक : नारायण व एलकुंचवार

निसर्ग मनाला निववितो आणि वास्तू त्याला कोंडते, ही विभागणी परिसरलक्ष्यी समीक्षेत पुष्कळदा गृहीत धरली जाते. म्हैसूरचे आर. के. नारायण यांची ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) ही कादंबरी वरवर पाहता तिला पुष्टी देते. नारायण यांच्या पत्नी राजम १९३९ मध्ये विषमज्वराने वारल्या. त्या शोकातून ही कादंबरी आकारास आली. कृष्णन आणि सुशीला नवे घर पाहावयास जातात. परसातील गलिच्छ शौचकूपात सुशीला अडकते, किळसून बाहेर येते, आजारी पडते आणि विषमज्वरानेच दगावते. पुढे एका बागेतील कमळतळ्याकाठी, माध्यम झालेल्या गृहस्थाद्वारे, कृष्णनचा तिच्याशी संवाद जुळतो. वास्तूने मारले, तळ्याने तारले, असा निष्कर्ष येथे सहज निघतो.

कादंबरीचा शेवट मात्र तो टिकू देत नाही. सुशीलेचे अखेरचे सान्निध्य कृष्णनला तळ्याकाठी नव्हे, तर स्वतःच्या घरी, माध्यमावाचून लाभते. तळे हे शोकाला वाचा फुटण्याचे स्थळ आहे. समाधान मात्र त्याला घरीच मिळते.

घर आणि तळे हीच जोडी महेश एलकुंचवारांच्या नाट्यत्रयीत वेगळ्या अर्थाने येते. ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (प्रथम प्रयोग १९८५) तात्याजींच्या मृत्यूनंतर कुटुंब एकत्र जमते, पण शोकापेक्षा तेराव्याच्या खर्चाचीच चर्चा अधिक होते. दारातल्या गंजलेल्या ट्रॅक्टरने चंदूचा पाय जखमी होतो. येथेही वास्तूचा ऱ्हास देहात उतरतो. ‘मग्न तळ्याकाठी’त पराग आणि अभय या चुलतभावांना मन मोकळे करण्यास तळ्याचा काठ मिळतो. परंतु ‘युगान्त’मध्ये दुष्काळ येतो, आणि निसर्गाचा आधारच नाहीसा होतो.

दोहोंतील खरा भेद येथे आहे. नारायणांचे तळे काळाबाहेर आहे. ते आटेल अशी शंका कृष्णनला शिवत नाही. एलकुंचवारांचा निसर्ग वाड्याइतकाच काळाच्या तडाख्यात सापडलेला आहे. म्हणून एकीकडे सांत्वन व्यक्तीपुरते पूर्ण होते, तर दुसरीकडे ते कुटुंबाच्या आणि गावाच्या स्थितीशी बांधलेले राहते. कृष्णनचे समाधान खोटे नव्हे. परंतु पाणी गृहीत धरता येणाऱ्या जगातले ते समाधान आहे. परिसर आणि मनःस्वास्थ्य यांच्या तौलनिक अभ्यासाने निसर्ग मनाला काय देतो, एवढेच विचारून भागणार नाही. तो देण्याच्या स्थितीत उरला आहे काय, हेही विचारावे लागेल.