सोनेरी कडांचा रास्कोल्निकोव

अमेरिकेतली ईस्टन प्रेस अभिजात ग्रंथांच्या संग्राह्य आवृत्त्या काढते. तिच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये त्या घराण्याची सगळी लक्षणे आहेत : अस्सल चामड्याची बांधणी, कण्यावर उठावदार पट्ट्या, 22 कॅरट सोन्याची नक्षी, पानांच्या सोनेरी कडा, आत लहरदार रेशमी कापड, सॅटिनची खूणफीत. पाने चिकटवलेली नसून शिवलेली आहेत. कारागिरीबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो हा पेहराव या कादंबरीला शोभतो का, एवढाच.

1866 साली ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी दोस्तोयेव्स्कीने कर्जात बुडालेला असताना लिहिली. तिच्यात पैसा मोजून येतो. बापाचे चांदीचे घड्याळ गहाण टाकून, व्याज वजा जाता, रास्कोल्निकोवच्या हातात 1 रूबल 15 कोपेक पडतात. खुनाच्या दिवशी तो म्हातारीला चांदीची सिगारेट-केस म्हणून जे देतो, ते कागदात गुंडाळून करकचून बांधलेले लाकूड आणि लोखंड असते. ती गाठ सोडवण्यात गुंतते, तेवढ्यात कुऱ्हाड पडते. वेष्टनावर विश्वास ठेवू नये, हे ही कादंबरी सुरुवातीलाच शिकवते.

तरीही चामडी बांधणी तिला परकी नाही. सोन्या ज्यातून लाझारसची कथा वाचून दाखवते, तो नवा करार जुना, वापरलेला आणि चामड्यात बांधलेला आहे. तो तिला लिझावेताने, म्हणजे रास्कोल्निकोवच्या कुऱ्हाडीला बळी पडलेल्या बाईनेच, आणून दिलेला. अखेरीस सायबेरियात तो त्याच्या उशाखाली असतो. खुद्द लेखकालाही 1850 मध्ये तोबोल्स्कला डिसेंब्रिस्टांच्या पत्नींनी असाच एक नवा करार दिला होता. त्याच्या बांधणीत पैसे दडवलेले होते. तुरुंगवासात तो त्याच्याजवळ राहिला. तिथे चामडे होते ते पुस्तक हाताळून झिजणार म्हणून.

या आवृत्तीत मजकुराशी खरे इमान राखतात ती फ्रिट्झ आयकेनबर्गची लाकडी ठशांची चित्रे. काळ्यातून खरवडून काढलेला पांढरा उजेड, अंगावर येणाऱ्या भिंती, वाकलेली माणसे : सोनेरी कडांच्या आत शिरलेले पीटर्सबर्ग. भाषांतर मात्र कॉन्स्टन्स गार्नेटचे, 1914 चे. इंग्रजी वाचकांच्या पिढ्यांना दोस्तोयेव्स्की तिनेच दिला, हे ऋण मोठे. पण मुळातली धाप, तेच ते शब्द, वारंवार येणारे ‘अचानक’ तिच्या सुसंस्कृत इंग्रजीत निवळते. बांधणी आणि भाषांतर, दोन्ही कादंबरीला इस्त्री करतात. अलीकडच्या भाषांतरांतली ओबडधोबड लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे जाणवेल.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात अशा आवृत्तीची सीलबंद प्रत ‘न उघडलेली’ म्हणून मिरवते. कादंबरीत खटल्याच्या वेळी सगळ्यांना नवल वाटते, की चोरलेली पैशांची थैली रास्कोल्निकोवने उघडूनही पाहिली नव्हती. तिच्यात 317 रूबल 60 कोपेक निघतात आणि दगडाखाली राहून वरच्या नोटा खराब झालेल्या असतात.

मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’च्या स्वस्त प्रतींवर रशियन साहित्य वाचलेल्या भारतीय वाचकाला ही आवृत्ती महाग वाटेल. आयकेनबर्गसाठी ती घ्यावी, पण सील फोडून. शिवण मजबूत आहे. चारदा वाचले तरी पाने सुटणार नाहीत.